वाचकांचे प्रश्न : अर्ध्या तासाचे दीड तास

प्रश्न : ब्रिटिश विनोदी मालिकेवरून चित्रपट लिहायचा तर सुरुवात कुठून करावी? असे बरेच चित्रपट फसलेले दिसतात.

उत्तर : पहिला मोह होतो तीन भाग एकापुढे एक जोडण्याचा. मालिकेच्या प्रत्येक भागाअखेर पात्रं पुन्हा होती तिथेच येतात. त्यामुळे तिसाव्या आणि साठाव्या मिनिटाला गोष्ट संपून नव्याने सुरू होते आणि प्रेक्षक सैलावतो. म्हणून आधी ९० मिनिटं पुरेल अशी एकच अडचण शोधा.

‘पॉरिज’ या तुरुंगातल्या मालिकेवरचा चित्रपट (१९७९) नीट पाहा. मालिकेतल्या फ्लेचर या कैद्याला पळून जायचं नाही, शिक्षा सुखाने काढायची आहे. डिक क्लेमंट आणि इयन ला फ्रेने या लेखकजोडीने चित्रपटात त्याला मनाविरुद्ध तुरुंगाबाहेर काढलं. आता कुणाला कळायच्या आत परत आत शिरायचं, एवढीच त्याची धडपड! प्रसंग मोठा झाला, माणूस तोच राहिला. चित्रीकरणही आगीनंतर रिकाम्या झालेल्या चेम्सफर्डच्या खऱ्या तुरुंगात झालं.

दुसरा हमखास उपाय म्हणजे सगळ्यांना परदेशी सहलीला धाडणे. ‘आर यू बीइंग सर्व्ह्ड?’ ही मालिका एका मोठ्या दुकानातल्या नोकरमंडळींची. तिच्या चित्रपटात (१९७७) ते लोक स्पेनला जातात आणि दुकान सुटताच तिथली मानापानाची उतरंड ढिली पडते. विनोद तर तिच्यावरच उभा होता. ‘द इनबिट्वीनर्स’ मालिकेतली चार पोरं मात्र चित्रपटात (२०११) ग्रीसच्या क्रीट बेटावरच्या मालियाला जाऊन रंगली, कारण मुलींसमोरची त्यांची फजिती तिथे आणखी वाढते. नवी जागा पात्राला जास्त अडचणीत आणत असेल, तरच तिकडे न्या.

प्रश्न : मालिकेत हशा ऐकू येतो, चित्रपटात नाही. मग संवादांचा वेग कसा धरायचा?

उत्तर : अशा अनेक मालिका स्टुडिओत प्रेक्षकांसमोर चित्रित होत. आपल्या रंगभूमीवरच्यासारखा नट हशा ओसरेपर्यंत थांबायचा. तीच थांबण्याची जागा चित्रपटात ठेवली की पडद्यावर पोकळी दिसते. चित्रीकरणात विनोदी वाक्यानंतर समोरच्या पात्राची प्रतिक्रिया वेगळ्या शॉटमध्ये, थोडा जास्त वेळ घ्या. संकलनात आधी रिकाम्या जागा कापून सगळं घट्ट करा. मग भरल्या सभागृहात दाखवा. युनिटमधल्यांना नको, त्यांना विनोद पाठ असतात. हशात पुढचं वाक्य बुडालं, तर तिथे त्या प्रतिक्रियेचा तुकडा वाढवा. कथेला लागणारी माहिती मोठ्या हशानंतर लगेच कधीच ठेवू नका. ती ऐकूच जात नाही आणि पुढचा प्रसंग कळेनासा होतो.