नव्या २७ इंची मॉनिटरवर अक्षरं पुसट दिसतात. एचडीएमआय केबल बदलू का?

नको, इतक्यात नको. तुमचा लॅपटॉप १३६६×७६८ ठिपक्यांचा, मॉनिटर २७ इंची फुल एचडी (म्हणजे १९२०×१०८० ठिपके), मधे साधी एचडीएमआय केबल, एक्सेलमधले आकडे पुसट, आणि दुकानदार सोनेरी टोकांची महागडी केबल खपवू बघतोय. एचडीएमआयचा सिग्नल डिजिटल असतो. केबल खराब असेल तर पडद्यावर ठिपके चमकतात, चित्र मधेच काळं होतं किंवा ‘नो सिग्नल’ येतं. सगळीच अक्षरं एकसारखी पुसट झाली तर दोष बहुतेक वेळा सेटिंगमध्ये असतो. लॅमिंग्टन रोडची (मुंबईतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजाराची) फेरी तूर्त वाचवा.

माझा पहिला संशय ‘डुप्लिकेट’वर. दोन्ही पडद्यांवर एकच चित्र हवं म्हटलं की विंडोज दोघांना झेपेल असं रिझोल्यूशन (आडव्या-उभ्या ठिपक्यांची संख्या) निवडतं, म्हणजे बहुधा लॅपटॉपचं १३६६×७६८. मग तिकडच्या एका ठिपक्याच्या वाट्याला मॉनिटरचे साधारण १.४ ठिपके येतात. पाव-अर्धा ठिपका पेटवता येत नाही, म्हणून शेजारचा ठिपका करड्या रंगात रंगवून तो हिशेब जुळवला जातो. तुम्हाला दिसतो तो पुसटपणा हाच. विंडोजचं बटण आणि पी एकत्र दाबा, ‘एक्स्टेंड’ किंवा ‘सेकंड स्क्रीन ओन्ली’ निवडा. मग सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले इथे जाऊन मॉनिटरच्या चौकोनावर क्लिक करा आणि ज्या रिझोल्यूशनपुढे ‘रेकमेंडेड’ लिहिलंय ते घ्या. एवढ्यावर थांबू नका. ‘ॲडव्हान्स्ड डिस्प्ले’ उघडा. तिथे डेस्कटॉपचं आणि ‘ॲक्टिव्ह सिग्नल’चं असे दोन आकडे दिसतात, दोन्ही १९२०×१०८० हवेत. ते वेगळे असतील तर ग्राफिक्स चिप मधल्या मधे चित्र ताणतेय.

दोष कुठे आहे हे ठरवायला स्क्रीनशॉट फार कामाचा. तो चित्र केबलमध्ये शिरायच्या आधी घेतला जातो. मोबाइलवर पाठवून मोठा करून बघा (व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर तेच चित्र बिघडवेल). त्यातही अक्षरं पुसट असतील तर गडबड विंडोजमध्ये किंवा त्या प्रोग्रॅममध्ये. तिथे स्वच्छ असतील तर सिग्नल किंवा मॉनिटर बघा.

फक्त एखादाच जुना प्रोग्रॅम पुसट असेल तर डिस्प्ले सेटिंगमधलं स्केलिंग (अक्षरं-चित्रं किती टक्के मोठी दाखवायची ते) तपासा. २७ इंची फुल एचडीला १०० टक्के पुरतं. बदल केल्यावर साइन आउट करून परत या. काही जुने प्रोग्रॅम त्याशिवाय ताणलेलंच चित्र दाखवत राहतात.

आता रंग, कारण इथे बरेच जण चकतात. एचडीएमआयवर १०८० चा सिग्नल गेला की काही वेळा ग्राफिक्स चिप समोरच्या मॉनिटरला टीव्ही समजते. मग काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटा ० (पूर्ण काळा) ते २५५ (पूर्ण पांढरा) ऐवजी १६ ते २३५ एवढ्यातच पाठवल्या जातात. मॉनिटर पूर्ण पल्ल्याची अपेक्षा करत असेल तर काळा राखाडी दिसतो आणि अक्षरांचा उठाव जातो. दुसरा प्रकार म्हणजे रंगांची माहिती निम्मी किंवा पाव करून पाठवणं. ओळखायची युक्ती सोपी: एक्सेलमध्ये काळ्या खान्यात लाल अक्षरं टाइप करा. पांढऱ्यावरची काळी अक्षरं बरी पण ही लाल फिसकटलेली दिसली, तर हाच दोष. ग्राफिक्स ड्रायव्हरच्या कंट्रोल पॅनेलमध्ये कलर फॉरमॅट ‘आरजीबी’ आणि रेंज ‘फुल’ करा. मॉनिटरच्या मेनूत ‘पीसी’ आणि ‘एव्ही’ असे पर्याय असतील तर ‘पीसी’ घ्या. टास्कबारची कड कापली जात असेल तर तीही बहुधा यानेच ताळ्यावर येईल.

त्याच मेनूत ‘शार्पनेस’ असतो. तो पूर्ण चढवायचा मोह सगळ्यांना होतो, आणि मग अक्षरांभोवती पांढरी कड दिसू लागते. ती कड जाईपर्यंत खाली आणा. शेवटी विंडोजच्या सर्चमध्ये ‘क्लिअरटाइप’ (अक्षरं रेखीव करायची विंडोजची सोय) शोधून या मॉनिटरसाठी नमुने निवडा. आणि मधे व्हीजीएचा कन्व्हर्टर असेल तर तो काढून टाका; व्हीजीए ही जुनी जोडणी ॲनालॉग आहे, तिच्यात चित्र पुसट होऊ शकतं. दुसरा इलाजच नसेल तर मजकुराने भरलेलं पान उघडून मॉनिटरचं ‘ऑटो’ बटण दाबा, म्हणजे तो चित्र स्वतः जुळवून घेईल.

हे सगळं करूनही अक्षरं जाडीभरडी वाटली तर ते या आकाराचंच गणित आहे. २७ इंची फुल एचडीत एका इंचात साधारण ८२ ठिपके बसतात, २४ इंचीत ९२, आणि २५६०×१४४० च्या २७ इंचीत १०९. आपल्याकडे टेबल भिंतीला टेकलेलं, मॉनिटर तोंडापासून दीड-दोन फुटांवर. ८२ चे ठिपके डोळ्याला वेगळे जाणवेनासे व्हायला साधारण साडेतीन फूट अंतर लागतं. टेबलाच्या कडेला आवळायचा क्लॅम्पवाला आर्म लावून मॉनिटर भिंतीला चिकटवला तर स्टँडची जागा वाचते. मॉनिटरच्या मागे आर्मच्या स्क्रूंसाठी भोकं आहेत का ते आधी बघा. परत द्यायची मुदत उरली असेल तर मी २४ इंची घेईन. २५६०×१४४० घेण्याआधी मात्र लॅपटॉपच्या ग्राफिक्स चिपची माहिती तपासा, कारण काही जुन्या चिपची एचडीएमआय १९२०×१२०० च्या पुढे जातच नाही.