वरणात टाकायची पावडर, तीन महिन्यांचं केंद्र आणि फडावरच्या गोळ्या

दारूवर मागच्या अंकात थोडंसं लिहिलं होतं, त्यावर पत्रं आणि व्हॉट्सअ‍ॅप मेसेज इतके आले की सगळ्यांना वेगळं उत्तर देणं काही होत नाही. म्हणून चार निवडलेत. नावं काढून टाकलीत, तालुका-जिल्हा तेवढा ठेवलाय.

प्रश्न : आमचे मालक रोज देशीच्या दोन-तीन क्वार्टर घेतात. सकाळी उठले की हात कापतात म्हणून चहाच्या आधी घोट लागतो. आठवडी बाजारात एका माणसाने पावडर दिली, त्यांना न सांगता चहात नाहीतर वरणात टाकायची, महिन्यात दारू सुटती म्हणाला. दोन हजार घेतले. सासूबाई म्हणतात टाक, मला भीती वाटती. पुडी अजून तशीच आहे. (केज तालुका)

उत्तर : टाकू नका ताई. पैसे गेले ते गेले, पुडी फेकून द्या.

अशा पुडीत काय असतं ते देणाऱ्यालाही धड सांगता येत नाही. पण त्यात डायसल्फिराम नावाचं औषध कुटून घातलेलं असू शकतं. हे औषध खरंच आहे, डॉक्टर देतात, पण त्याचं काम असं की ते पोटात असताना दारू घेतली की तोंड लालबुंद होतं, छातीत धडधडतं, उलट्या होतात, बीपी एकदम खाली येतं आणि एखाद्याचा जीवही जातो. गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो. आता तुमच्या मालकांना माहीतच नाही की वरणात काय आहे, ते नेहमीसारखे संध्याकाळी पिऊन येणार, आणि रात्री त्यांना काही झालं तर डॉक्टरला काय सांगायचं हे तुम्हाला कळणार नाही. वर एकदा का त्यांना समजलं की बायको जेवणात कालवते तर नंतर तुमच्या हातची साधी तापाची गोळीसुद्धा ते घेणार नाहीत. हेच औषध डॉक्टरने तपासून, त्यांना सगळं समजावून, त्यांच्या होकाराने दिलं आणि रोज सकाळी तुम्ही समोर बसून दिलं तर चांगलं चालतं. पण चोरून नाही.

दुसरं, तुमच्या पत्रात मला जास्त काळजीची ओळ वाटली ती हात कापण्याची. सकाळी प्यायल्याशिवाय हात थांबत नाहीत म्हणजे शरीराला सवय लागलीय. अशा माणसाला रागाने खोलीत कोंडून दारू एकदम तोडली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात माणूस भ्रमात जातो, भिंतीवर किडे दिसतात, नसलेल्या माणसाशी बोलतो, अंथरूण चाचपत बसतो. आपल्याकडे मग कुणीतरी म्हणतं बाहेरचं लागलंय, लिंबू उतरवा, आणि त्यात दोन दिवस जातात. ही इमर्जन्सी आहे, थेट दवाखान्यात न्यायचं. तिथे दारूची जागा घेणारी गोळी देऊन ती काही दिवसांत हळूहळू उतरवतात, आणि सोबत बी-वन, म्हणजे थायमिन. रोज पिणाऱ्या माणसाला गावातल्या डॉक्टरकडे आणलं की पहिली लावतात ती ग्लुकोजची बाटली. बी-वन न देता नुसतं ग्लुकोज गेलं तर मेंदूला इजा होऊ शकते. म्हणून सलाईन लावताना "डॉक्टर, बी-वन दिलं का" एवढं विचाराच, रागावले तर रागावू द्या.

जायचं कुठे? तुम्हाला बीडचं सिव्हिल आहे, अंबाजोगाईचं स्वाराती (सरकारी मेडिकल कॉलेजचं रुग्णालय) आहे, दोन्हीकडे मानसोपचार विभाग आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून चालू आहे, त्याची टीम ठरलेल्या दिवशी ग्रामीण रुग्णालयातही बसते, तुमच्याकडचा वार आशाताईला विचारा. आरोग्य खात्याच्या दवाखान्यात ऑगस्ट २०२३ पासून केसपेपर-तपासणी मोफत आहे. मालक "मी काय येडा हाय का" म्हणणार हे गृहीत धरा. दारूचा विषयच काढू नका, हात कापतात, भूक नाही, झोप नाही त्यासाठी दाखवू म्हणा, हे खोटंही नाही. तरी नाहीच आले तर तुम्ही एकट्या जा. घरच्या माणसाला समुपदेशन मिळतं आणि त्याने फरक पडतो. घराबाहेर पडणं जमत नसेल तर १४४४६ हा व्यसनमुक्तीचा मोफत नंबर आहे. आणि मारहाण होत असेल तर (तुम्ही लिहिलं नाही, पण मी विचारते) १८१.

प्रश्न : लहान भाऊ पितो. एका केंद्राचे लोक म्हणतात रात्री गाडी पाठवतो, उचलून नेतो, तीन महिने घरच्यांना भेट नाही, फोन नाही, महिन्याचे बारा हजार. वडील तयार आहेत. तुमचं मत काय? (जालना जिल्हा)

उत्तर : माझं मत, असल्या ठिकाणी पाठवू नका. वडिलांचा वैताग समजतो, घरात रोजचा तमाशा असला की कुणीही म्हणेल एकदाचं न्या याला. पण मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये दारू-ड्रग्जमुळे होणाऱ्या मानसिक अवस्थाही येतात. त्या कायद्याने मर्जीविरुद्ध भरती करायची तर आधी दोन तज्ज्ञांनी तपासावं लागतं, त्यातला एक मानसोपचारतज्ज्ञ, आणि ती पहिली भरती ३० दिवसांपर्यंतच. साखळीने बांधायला पूर्ण बंदी आहे, एकट्याला कोंडायलाही. फोन करणं, माणसं भेटणं हा त्याचा हक्क आहे. तीन महिने तोंडही बघायचं नाही ही अट केंद्राच्या सोयीची, भावाच्या नव्हे.

मग केंद्र वाईटच का? तसं नाही. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून चालू आहे आणि राज्यभरातून लोक तिथे जातात. कुठलंही केंद्र बघायला वडिलांना घेऊन दिवसा जा. नोंदणीचा कागद मागा. रात्री फिट आली तर डॉक्टर कोण येतो ते विचारा, आणि आत असलेल्या दोघा-चौघांशी त्यांचा माणूस जवळ नसताना बोला. दाखवायला टाळाटाळ केली की तिथूनच परत फिरा. आणि एक, घरच्यांना वाटतं आत टाकलं की काम झालं, पण भाऊ परत येतो तो त्याच चौकात, त्याच मित्रांत, आणि पुन्हा घसरण्याचा धोका त्या पहिल्या काही महिन्यांतच सगळ्यात जास्त. ही शुगर-बीपीसारखी धरून ठेवायची गोष्ट आहे. जालन्याच्या सिव्हिलला दर महिन्याला नेणं, जवळ एएची (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा गट) मीटिंग असेल तर तिथे बसवणं (पैसे लागत नाहीत), घरात एकाने गोळीची जबाबदारी घेणं. केंद्राचे बारा हजार भरायला जमीन गहाण टाकण्याआधी हे करून बघा. केंद्र लागलंच तर त्याच्यानंतरही हेच करावं लागणार.

प्रश्न : बहिणीला मनाच्या आजारासाठी लिथियमची गोळी चालू आहे, दोन वर्षं छान आहे. दिवाळीनंतर जोडी ऊसतोडीला कर्नाटकात जाणार, उचल (आगाऊ पैसे) घेऊन झाली. गोळ्या महिन्याच्याच मिळतात. मुकादम म्हणतो गोळीने सुस्ती येते, तिकडं बंद कर. (पाटोदा तालुका)

उत्तर : दोन वर्षं छान आहे ती गोळीमुळे, मुकादमाला एवढंच सांगा. एकदम बंद केली तर फडातच आजार उलटायची भीती, आणि तेव्हा कोयताही बंद आणि उचलही अंगावर.

पण लिथियमचं एक आहे, ते डॉक्टरशी बोलल्याशिवाय फडावर जाऊ नका. रक्तात त्याचं प्रमाण थोडं वाढलं तरी त्रास होतो. ऊन, घाम, पाणी कमी, जुलाब-उलटी, यात ते वाढतं. आणि ऊसतोडीत सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे संध्याकाळची अंगदुखीची गोळी. दिवसभर वाकून तोड आणि मोळ्या वाहिल्यावर कोपीवर आलं की आयब्रुफेन नाहीतर डायक्लोफेनॅक घेतात, सगळेच घेतात, दुकानात सुट्टी मिळते. लिथियमबरोबर ती नको, तिने प्रमाण चढतं. पॅरासिटामॉल चालते. जाण्याआधी रक्तातलं लिथियम आणि किडनीची तपासणी करून घ्या, दिवस राहण्याची शक्यता असेल तर तेही आधीच सांगा. पाणी भरपूर, जेवणातलं मीठ अचानक कमी-जास्त करायचं नाही. हात जोरात थरथरायला लागले, उलट्या-जुलाब, चालताना झोक जाणं, जीभ जड होणं, यातलं काही दिसलं तर पुढची गोळी न देता त्याच दिवशी जवळचं मोठं सरकारी हॉस्पिटल गाठा.

महिन्याच्या गोळ्यांचं म्हणाल तर डॉक्टरला स्पष्ट सांगा की आम्ही गुढीपाडव्यापर्यंत येत नाही. जास्तीचा साठा देता येतो का विचारा, एवढ्या गोळ्या एकदम मिळाल्या तर त्या बहिणीच्या नवऱ्याने सांभाळाव्यात. नाहीतर केसपेपरचा फोटो मोबाईलमध्ये ठेवून कारखान्याजवळच्या जिल्हा रुग्णालयात दाखवा. अडलं तर १४४१६, टेली-मानस, ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलतात. सुस्तीचंही डॉक्टरला सांगा, वेळ किंवा डोस बदलता येतो.

प्रश्न : मी आशा कार्यकर्ती आहे. सर्वेला गेलं की एखादे काका म्हणतात झोप नाही, कशात जीव लागत नाही. पुढे आत्महत्येचं विचारावं वाटतं पण आपणच डोक्यात घातलं तर? (हिंगोली जिल्हा)

उत्तर : विचारल्याने डोक्यात जात नाही. उलट बऱ्याच जणांना कुणीतरी विचारलं म्हणून हलकं वाटतं. आडून नको, "काका, जीव द्यावासा वाटतो का कधी" असं सरळ, बाकीची माणसं जवळ नसताना. हो म्हणाले तर पुढे "कसं करायचं ठरवलंय का" हेही विचारा. ठरवलेलं असेल तर एकटं सोडायचं नाही, घरातल्या एका माणसाला सांगून त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यायचं, आणि गोठ्यातलं, माळवदावरचं फवारणीचं औषध त्याच संध्याकाळी दुसऱ्याच्या घरी हलवायचं. शेतकरी आत्महत्या रोखण्यासाठीच्या प्रेरणा प्रकल्पातून तुम्हाला हे काम दिलंय ते याचसाठी. केस होईल म्हणून प्रयत्न केलेल्या माणसाला घरीच दडवतात, तसं करू देऊ नका. २०१७ च्याच कायद्याने तो माणूस तीव्र ताणात होता असं धरलं जातं आणि त्याला उपचार देणं ही सरकारची जबाबदारी आहे.

संभाजीनगरहून तिघा-चौघांनी पोरांच्या "बटन" गोळ्यांबद्दल लिहिलंय. सविस्तर पुढच्या वेळी. तोवर एवढंच, त्या झोपेच्या गोळ्या आहेत, सवय लागल्यावर एकदम हिसकावून घेतल्या तर दारूसारखीच फिट येते, त्यामुळे पोराला घेऊन घाटीच्या (तिथल्या सरकारी मेडिकल कॉलेज रुग्णालयाच्या) मानसोपचार ओपीडीला जा आणि डोस तिथूनच उतरवून घ्या.