मोबाइलच्या व्हिडिओतून मोशन कॅप्चर : वाचकांचे प्रश्न

प्र. : लेझीमची एक चाल ॲनिमेशनच्या पात्रावर बसवायची आहे. मोबाइलवर व्हिडिओ घेतला, मीडियापाइप या प्रोग्रॅममधून शरीराचे बिंदू (सांधे, टाचा वगैरे) काढले आणि ब्लेंडर या ॲनिमेशनच्या प्रोग्रॅममध्ये आणले. पात्र सारखं थरथरतं. शिवाय खाली बसायच्या ठेक्याला कंबर जागच्या जागी राहते आणि पावलंच वर उचलली जातात! सेन्सरवाला सूट परवडणारा नाही. कुठे चुकतंय? (ॲनिमेशनचा विद्यार्थी, कोल्हापूर)

उ. : पावलांचं कोडं आधी सोडवू. मीडियापाइप शरीराचे ३३ बिंदू देतं, पण त्यांचे मीटरमधले आकडे दोन्ही खुब्यांच्या मध्यापासून मोजलेले असतात. त्या हिशेबात कंबर कायम शून्यावर असते. माणूस उकिडवा बसला की कंबर आणि पाऊल यांतलं अंतर कमी होतं, आणि कंबर हलू शकत नसल्याने पावलं वर येतात. उपाय असा : दोन टाचा आणि दोन चवडे या चार बिंदूंपैकी सगळ्यात खालचा प्रत्येक फ्रेममध्ये शोधा आणि तो जमिनीला टेकेल इतका अख्खा सांगाडा सरकवा. मीडियापाइपचा उभा अक्ष खालच्या दिशेने वाढतो, ब्लेंडरचा वरच्या. चिन्ह बदलायचं राहिलं तर पात्र डोक्यावर उभं राहील.

उडीला मात्र ही युक्ती चालत नाही, कारण ती उडी मारणाऱ्यालाही जमिनीला चिकटवून ठेवते. तिथे दोन्ही पाय हवेत असलेल्या फ्रेम मोजा, त्यांचे सेकंद करा, त्या सेकंदांचा वर्ग करून १.२३ ने गुणा. येते ती उडीची उंची, मीटरमध्ये. सेकंदाला ६० फ्रेमच्या व्हिडिओत २४ फ्रेम हवेत, म्हणजे ०.४ सेकंद, म्हणजे साधारण २० सेंटीमीटर. ही उंची बरोबर मधल्या फ्रेमला द्या.

आता थरथर. बहुतेक जण लगेच फिल्टर लावायला, म्हणजे आकडे गुळगुळीत करायला धावतात, पण मूळ दोष चित्रीकरणात असतो. लेझीम उघडताना हात सेकंदाला ६ मीटर वेगाने गेला आणि शटर १/६० सेकंद असलं, तर मनगट चित्रात १० सेंटीमीटर फराटलेलं दिसतं. त्यातला नेमका बिंदू प्रोग्रॅम दर फ्रेमला वेगळ्या जागी पकडतो. शटर १/५०० ठेवलं की फराटा सव्वा सेंटीमीटरवर येतो. त्यासाठी भरपूर उजेड लागतो, आणि आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या विजेवर साध्या ट्यूबलाइट व स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. एवढ्या वेगवान शटरला त्याचे पट्टे दिसतात. तेव्हा हॉल सोडा, दिवसा मोकळ्या मैदानात सावलीत घ्या.

मोबाइल तिपाईवर, नाचणाऱ्याच्या कमरेच्या उंचीवर, चार मीटरच्या आसपास. नेहमीची मुख्य लेन्स वापरा, ०.५ची रुंद लेन्स कडेचे हातपाय ताणते. फोकस आणि एक्सपोजर लॉक करा, स्टॅबिलायझेशन बंद ठेवा, कारण ते चौकट मागेपुढे सरकवतं आणि ती हालचाल सांगाड्यात उतरते. अगदी बाजूने घेऊ नका, लांबचा पाय जवळच्या पायामागे लपतो आणि डावा-उजवा अदलाबदल होतो. समोरून थोडं तिरकं, ३० ते ४५ अंशांतून घ्या. कपडे अंगाबरोबरचे असावेत. सहावारी साडीत गुडघे सापडत नाहीत; नऊवारीत दोन्ही पाय निदान वेगळे दिसतात.

लेझीम मात्र हातात खरीच हवी. रिकाम्या हातांनी केलेल्या चालीत मनगटांमधलं अंतर साखळीच्या लांबीपेक्षा सहज जास्त होतं आणि पुढे वस्तू बसवताना रडारड होते. शिवाय दोन मोबाइल लावलेत तर पहिला खणका दोन्ही व्हिडिओंचा मेळ घालायला कामी येतो.

एक छुपा दोष : मोबाइलचा फ्रेमरेट स्थिर नसतो. हँडब्रेक या मोफत प्रोग्रॅममध्ये ‘कॉन्स्टंट’ निवडून व्हिडिओ आधी बदलून घ्या, नाहीतर मिनिटभरात चाल हलगीच्या मागे पडते.

एवढं केल्यावर फिल्टर. ब्लेंडर ४.० पासून ग्राफ एडिटरमध्ये बटरवर्थ स्मूद आहे. आपण दिलेल्या हर्ट्झपेक्षा जलद थरथर तो पुसतो. चालण्यासारख्या संथ हालचालीला ६ हर्ट्झ पुरतं. लेझीमला १०–१२ पासून सुरुवात करा, नाहीतर झटकाच पुसला जाईल आणि पात्र पाण्यात नाचल्यासारखं दिसेल. हाडांची लांबी फ्रेमगणिक बदलते, म्हणून प्रत्येक हाडाची संपूर्ण व्हिडिओतली मध्यक लांबी घेऊन तीच रिगला (पात्राच्या सांगाड्याला) द्या. टेकलेलं पाऊल घसरत असेल तर तेवढ्या फ्रेमपुरतं आयके (पाऊल धरून वरचा पाय आपोआप वळवणारी सोय) लावून ते एका जागी बांधा. हे काम हातानेच करावं लागतं, आणि सगळ्यात जास्त वेळ त्यातच जातो.

प्र. : मल्लखांबाचे व्हिडिओ टाकतो. खेळाडू उलटा झाला की सांगाडा एकतर गायब होतो किंवा पायांच्या जागी हात दाखवतो. (प्रशिक्षक, सातारा)

उ. : ही मॉडेलं मुख्यतः उभ्या माणसांच्या चित्रांवर शिकलेली असतात. शिवाय मीडियापाइप माणूस शोधताना आधी चेहऱ्याचा आधार घेतं. चेहरा खांबाआड गेला की सुरुवातच चुकते.

उलट्या पकडीचा तुकडा कापून वेगळा करा आणि १८० अंश फिरवून चालवा. ‘फिरवा’ आणि ‘फ्लिप करा’ यांत गल्लत नको : फ्लिप केलं तर आरसा होतो आणि डावा हात उजवा बनतो. निघालेल्या बिंदूंचे आडवे आणि उभे, दोन्ही आकडे उलट चिन्हाचे केले की खेळाडू पुन्हा मूळ स्थितीत येतो. शरीर आडवं असतानाच्या फ्रेम ९० अंश फिरवून वेगळ्या चालवा आणि तुकड्यांचे जोड ८–१० फ्रेममध्ये मिसळा. तुकड्याची पहिली फ्रेम चेहरा दिसणारी निवडा, कारण मीडियापाइप पुढच्या फ्रेममध्ये माणूस शोधताना मागच्या फ्रेमची जागा धरून चालतं.

खांबाने झाकलेला हात मात्र कोणतीच युक्ती परत आणत नाही. त्याला काटकोनात दुसरा कॅमेरा लागतो. दोन-तीन वेबकॅमवर चालणारं फ्रीमोकॅप मोफत आहे. त्याच्या कॅलिब्रेशनचा (कॅमेऱ्यांच्या जागा जुळवण्याचा) चौकटींचा कागद सपाट फळीवर चिकटवा, लोंबता कागद वापरलात तर मोजमाप वाकडं येतं.

प्र. : मुलांच्या गोलंदाजीत कोपर १५ अंशांपेक्षा जास्त सरळ होतो का, हे मोबाइलवर तपासता येईल? (क्रिकेट प्रशिक्षक, नाशिक)

उ. : नाही. मनगटाचा बिंदू ३ सेंटीमीटरने चुकला आणि हात कोपरापासून मनगटापर्यंत २६ सेंटीमीटर असला, तर एवढ्यानेच सहा-सात अंशांचा फरक पडतो. कोपराच्या बिंदूची चूक त्यात वेगळीच. वर हात खांद्याच्या रेषेत आल्यापासून चेंडू सुटेपर्यंत वेगवान गोलंदाजाला सेकंदाचा दहावा भागही लागत नाही. ६० फ्रेमच्या व्हिडिओत त्या पाच-सहा फ्रेम भरतात. काहींचा कोपर जन्मतःच बाहेरच्या बाजूला कललेला असतो, आणि हात आत वळला की एका कॅमेऱ्याला तो वाकलेलाच दिसतो. अशा आकड्यावर एखाद्या पोराला ‘फेकतो’ ठरवणं अन्याय आहे. आयसीसीची १५ अंशांची मर्यादा प्रयोगशाळेत तपासतात, ती याच कारणाने.

मोबाइलचा उपयोग तुलनेला करा. पुढचा पाय टेकताना गुडघा किती वाकतो, धड किती कलतं, शेवटच्या पावलाची लांबी किती, हे त्याच मुलाचं, तिपाईची जागा खुणेने पक्की ठेवून, महिन्याच्या अंतराने पाहा. फरक पाच अंशांच्या आत असेल तर तो सोडून द्या. दोन आयफोन हाताशी असतील तर स्टॅनफर्डमध्ये तयार झालेलं, व्हिडिओतून सांध्यांचे कोन मोजणारं ओपनकॅप संशोधनासाठी मोफत मिळतं. त्याचीही सांध्याच्या कोनातली सरासरी चूक चालणं, उठबस यांसारख्या हालचालींत ४.५ अंशांच्या आसपास नोंदली आहे.

प्र. : अशी ॲनिमेशन विकाऊ गेममध्ये वापरता येतात? (पुणे)

उ. : प्रोग्रॅमवर अवलंबून. मीडियापाइपचा परवाना अपाची २.०, अडचण नाही. ब्लेंडरमध्ये केलेलं काम तुमचंच. शरीराचे बिंदू काढणारं दुसरं ओपनपोझ बिनव्यावसायिक कामापुरतं मोफत आहे. एका व्हिडिओतून थेट त्रिमित शरीर देणारे बरेच नवे संशोधनाचे प्रोग्रॅम एसएमपीएल या शरीर-मॉडेलवर उभे असतात, आणि त्याच्या व्यावसायिक वापराला वेगळा परवाना लागतो. प्रोग्रॅमचा कोड मोकळा दिसला तरी मॉडेलच्या फाइलसोबतची परवान्याची फाइल वेगळी उघडून वाचा. आणि ज्याची चाल टिपली, त्या कलाकाराची लेखी संमती चित्रीकरणाआधी घ्या.