तीस वर्षांनी तिसरा खटला

प्रश्न : नागरी हक्क चळवळीतील कृष्णवर्णीय नेते मेडगर एव्हर्स यांचा १९६३ मध्ये खून झाला आणि मारेकऱ्याला शिक्षा झाली ती १९९४ मध्ये, असे वाचनात आले. त्याच्यावर १९६४ मध्येच दोन खटले चालले होते. अमेरिकेत एकाच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला चालवता येत नाही, तर मग हा तिसरा खटला कसा चालला?
– एक वाचक

उत्तर : आपली शंका रास्त आहे. राज्यघटनेत तशी तरतूद आहे; परंतु श्वेतवर्णीय मारेकरी बायरन डी ला बेकविथ १९६४ मध्ये निर्दोष सुटलाच नव्हता. दोन्ही वेळी ज्यूरीत सर्व श्वेतवर्णीय पुरुष होते, तरीही त्यांचे एकमत होऊ शकले नाही, आणि एकमत नाही म्हणजे निकालच नाही. १९६९ मध्ये सरकारने आरोप मागे घेतला, पण तीही निर्दोष मुक्तता नव्हे. शिवाय खून जिथे झाला त्या मिसिसिपी राज्यात खुनाच्या गुन्ह्याला मुदतीची मर्यादा नाही. म्हणून ते दार बंद झाले नव्हते, नुसते लोटलेले होते.

मिसिसिपीतच खून झालेल्या एमेट टिल या १४ वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाच्या बाबतीत ते बंद झाले. १९५५ मध्ये त्याच्या मारेकऱ्यांना ज्यूरीने तासाभरात निर्दोष ठरवले. पुढच्याच वर्षी त्यांनी पैसे घेऊन एका नियतकालिकाला खुनाची हकिगत सांगितली, तरी राज्याला त्यांच्यावर खुनाचा खटला पुन्हा भरता आला नाही. कायद्याची तीच तरतूद इथे खुन्यांच्या कामी आली.

बेकविथचे प्रकरण पुन्हा उघडले ते १९८९ मध्ये. वंशभेद टिकवण्यासाठी मिसिसिपी सरकारनेच नेमलेल्या आयोगाने दुसऱ्या खटल्यापूर्वी संभाव्य ज्यूरींची माहिती काढून बचाव पक्षाला मदत केली होती, हे पत्रकार जेरी मिचेल यांनी उघडकीस आणले. (एका हाताने खटला चालवणारे सरकार दुसऱ्या हाताने आरोपीला सावरत होते.) पण पुरावा कुठे होता? मूळ साक्षींची न्यायालयातील प्रत गहाळ झाली होती; एव्हर्स यांच्या पत्नी मर्ली यांनी मात्र आपली प्रत इतकी वर्षे जपून ठेवली होती. खुनात वापरलेली रायफल सरकारी वकील बॉबी डीलॉटर यांना सापडली, तीही कुठे, तर त्यांच्या न्यायाधीश सासऱ्यांच्या घरी! तिच्या दुर्बिणीवर बेकविथच्या बोटाचा ठसा मिळाल्याचे १९६३ मध्येच नोंदले गेले होते. एव्हर्स यांचे पार्थिव १९९१ मध्ये थडग्यातून काढून नव्याने शवविच्छेदन करण्यात आले. खून आपणच केल्याची बढाई बेकविथने ज्यांच्यापुढे मारली होती, त्यांच्यापैकी काही जण आता साक्षीला उभे राहिले.

५ फेब्रुवारी १९९४ रोजी आठ कृष्णवर्णीय आणि चार श्वेतवर्णीय सदस्यांच्या ज्यूरीने ७३ वर्षांच्या बेकविथला दोषी ठरवले. इतक्या विलंबाने खटला चालवणे अन्यायाचे आहे, असा युक्तिवाद अपिलात झाला. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो १९९७ मध्ये फेटाळला. जन्मठेप भोगत असतानाच २००१ मध्ये तो मरण पावला.