मार्च हे कारण नव्हे

अरे,

परवा फोनवर तासभर बोललास, पण अडचण एकच होती. टेबलावर जनरेटरची फाइल, तारीख २४ मार्च, आणि साहेब म्हणतायत काँकरन्स, म्हणजे खर्चाला वित्त विभागाची संमती, देऊन टाक नाहीतर वर्ष संपताच न खर्चलेले पैसे लॅप्स होतील. मी जरा चिडलो, ते मनावर घेऊ नकोस. पण मार्च हे कारण नव्हे, हे डोक्यात पक्कं बसव.

गरज किती, स्टॉकात किती, मागच्या खरेदीचा रेट काय, एवढं विचार. उत्तरं पटली तर ३१ तारखेच्या रात्रीही सही कर, मी अडवणार नाही. नाही पटली तर कोणाचाही फोन येऊ दे. जीएफआरच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या सर्वसाधारण वित्तीय नियमांच्या, नियम ६२ मध्ये लिहिलंय की वर्षअखेरची खर्चाची घाई म्हणजे आर्थिक औचित्याचा भंग, वर अर्थ खात्याच्या मर्यादा आहेतच, वर्षाच्या तरतुदीपैकी शेवटच्या तिमाहीत ३३ टक्के आणि एकट्या मार्चमध्ये १५. पाठ सगळ्यांना असतं, तरी फेब्रुवारी उजाडला की सगळ्यांना गरजा आठवायला लागतात.

तू म्हणशील पैसे परत जाणं हीसुद्धा नामुष्कीच. २०२४-२५ ला संरक्षणाची भांडवली तरतूद १.७२ लाख कोटी होती, सुधारित अंदाजात १.५९ वर आली. ते चांगलं झालं असं नाही म्हणत मी, विमानं रखडतात हे दुखणंच आहे, पण त्यावर इलाज म्हणून कोणी ताडपत्र्या घेऊन ठेवत नाही ना.

ताडपत्र्या मी घेऊ दिल्यात. तुझ्याच वयाचा होतो, २८ मार्च, साहेब चांगले, रोज चहा पाजायचे, सही केली. पाच-सहा वर्षांनी स्टॉक व्हेरिफिकेशनला त्याच डेपोत गेलो तर गठ्ठे तसेच बांधलेले, खालचे उंदरांनी कुरतडलेले. पावती, बिल, टेंडर सगळं चोख. ऑडिट पॅरासुद्धा, म्हणजे लेखापरीक्षणाचा आक्षेप, आला नाही. ते जास्त लागलं.

त्यानंतर मी कडक झालो, आणि इथे एक गोष्ट कबूल करतो. एकदा ऑक्टोबरात हातमोज्यांची फाइल आली, थंडीतल्या युनिटसाठी, आणि मी क्वेरीवर क्वेरी काढून ती चारदा परत पाठवली, एकदा तर नुसतं पान नंबर नाही म्हणून. ती मार्चमध्ये परत आली आणि मीच शेरा मारला, "वर्षअखेरची घाई". थंडी तोवर संपली होती. म्हणजे तो मार्च मीच तयार केला होता. लोक म्हणायचे मी अडवतो. म्हणू देत, दोन क्वेरी तरी बरोबर होत्या, रेट खरंच जास्त लावला होता, त्या मी आजही काढेन. फक्त चारही एकदम, पहिल्याच आठवड्यात.

म्हणून परत सांगतो, मार्च हे कारण नव्हे, सही करायलाही नाही आणि नाकारायलाही नाही. "फंड उपलब्ध आहेत" हे वाक्य गरजेच्या रकान्यात दिसलं की फाइल परत, बाकी भाषण नको.

आणि हो, रकमेचे तुकडे पाडून खालच्या अधिकाऱ्याच्या अधिकारात बसवू असं कोणी सुचवलं तर त्याला ते फाइलच्या नोटिंगवर लिहायला सांग. लिहित नाही कोणीच.

उद्या स्टोअरमध्ये स्वतः जा, लेजर बघ, जुने जनरेटर चालतात का बंद पडलेत ते हात लावून बघ. मग फोन कर, नऊच्या आत, नंतर मी झोपलेला असतो.

काका