नागपूरकरांनो, एकदा पूर्वेचा समुद्र बघा

तुम्ही विचारलंय की नागपूरहून आठवडाभराच्या सुट्टीत समुद्र, बेटं, जुनी गावं आणि थोडी भटकंती असं सगळं एकाच फेरीत कुठे मिळेल, आणि कोकण-गोवा सोडून काही आहे का.

आहे. ओडिशातला चिलिका, आणि त्यातही त्याच्या दक्षिण टोकाचा रंभा उपसागर.

कोकणाच्या सौंदर्याबद्दल वादच नाही. पण समुद्र म्हटलं की आपण नागपूरकर थेट पश्चिमेचं तिकीट काढतो आणि पूर्वेला आपला स्वतःचा किनारा होता हे विसरतो. नागपूरच्या रघूजी भोसल्यांनी 1751 मध्ये बंगालचा नवाब अलिवर्दी खान याच्याशी तह करून ओडिशा मिळवला. तेव्हापासून 1803 पर्यंत कटक, पुरी, बालेश्वर हा सगळा मुलूख नागपूरच्या ताब्यात होता. शाळेत हे दोन ओळींत उरकतं. नागपूरच्या महाल भागातून रोज जाणाऱ्या माणसालाही तिथल्या गादीची सत्ता थेट बंगालच्या उपसागरापर्यंत होती हे माहीत नसतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आधी गाडीचं बघा. नागपूरहून पुरीला थेट गाड्या आहेत, पण त्या दोन वाटांनी जातात: काही विजयनगरम-ब्रह्मपूरवरून, काही संबलपूर-अंगुळवरून. तुम्ही विजयनगरमवाली घ्या आणि ब्रह्मपूरला उतरा. संबलपूरवाली चिलिकाच्या जवळपासही फिरकत नाही. ब्रह्मपूरहून पुढे लोकल गाडीने किंवा बसने रंभा. रंभा ते बालुगाव हा रुळांचा टप्पा पाण्याच्या अगदी काठाने जातो. उजव्या हाताची खिडकी धरा.

चिलिका म्हणजे खरं तर समुद्र नव्हे. नद्यांचं गोडं आणि समुद्राचं खारं पाणी जिथे मिसळतं असं ते प्रचंड मोठं खाजण-सरोवर आहे, भारतातलं या प्रकारातलं सर्वांत मोठं. 1981 मध्ये भरतपूरच्या केवलादेवसोबत ते भारतातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरलं. पुढे समुद्राकडचं मुख गाळाने बुजत गेलं, पाण्यातला खारेपणा घटला, मासळी आटली. 2000 मध्ये वाळूची पट्टी कापून नवं मुख उघडलं आणि सरोवर पुन्हा सावरलं. बिघडलेलं पाणी माणसाने मनावर घेतलं तर सुधारतं, हे डोळ्यांनी बघायचं तर चिलिकासारखी जागा नाही.

रंभ्याला पूर्वघाटाचे डोंगर पाण्यापर्यंत उतरतात आणि छोटी छोटी बेटं धक्क्यावरूनच दिसू लागतात. एका खडकावर कंपनी सरकारच्या काळात गंजामच्या कलेक्टरने बांधवलेला निमुळता मनोरा आहे, म्हणून ते बीकन बेट. दुसरं ब्रेकफास्ट बेट, त्यावर खल्लिकोटच्या राजाच्या बंगल्याचे अवशेष. तिसरं बरकुडा, होडीवाले त्याला हनिमून बेट म्हणतात. नाव ऐकून नाक मुरडू नका. पाय नसलेल्या एका सरड्याची जात शास्त्रज्ञांना पहिल्यांदा याच बेटावर सापडली आणि 1917 मध्ये तिची नोंद झाली. तिच्या शास्त्रीय नावातही बरकुडा आहेच. तुम्हाला तो दिसणार नाही, मातीखाली राहतो. पण बेटाच्या कडेचं पाणी नितळ असतं आणि तळाची तांबडी-हिरवी शेवाळं वरून स्पष्ट दिसतात.

ही बेटं सकाळीच करा. पाणी उथळ आहे, बऱ्याच ठिकाणी माणूसभरही खोल नाही, आणि दुपारी वारा सुटला की लाटा आखूड आणि ठोकर देणाऱ्या होतात. कालीजाई बेटावरच्या देवीला बालुगाव किंवा बरकुलहून जाता येतं. लग्न होऊन सासरी निघालेली जाई वादळात होडी उलटून बुडाली, तीच ही देवी अशी तिथली श्रद्धा आहे. मकरसंक्रांतीला जत्रा भरते. गर्दी सोसत नसेल तर ते दिवस टाळा.

आता मंगलाजोडी. एकाच जागेपुरता वेळ असेल तर मी हीच सांगेन. चिलिकाच्या उत्तर काठावरचं हे गाव एकेकाळी पाखरांच्या शिकारीसाठी बदनाम होतं. पुढे त्याच शिकाऱ्यांनी बंदुका आणि जाळी टाकली आणि पक्षी राखायला घेतले. आज तेच तुमचे वाटाडे असतात. होडीला इंजिन नाही. मागे उभा असलेला माणूस लांब बांबू चिखलात रोवतो, रेटतो, आणि होडी लव्हाळ्यांमधून आवाज न करता सरकते. जांभळी पाणकोंबडी पायात गवताचा कोंब धरून सोलून खाते ते होडीतून, दुर्बिणीशिवाय बघता येतं. पलीकडे चक्रवाकांच्या जोड्या, तलवार बदकं. वाटाड्या पक्ष्याचं नाव आधी ओडियात सांगतो, मग इंग्रजीत. मराठी नाव तुम्ही सांगितलंत तर तेही लक्षपूर्वक ऐकून घेतो. नलबण नावाच्या मधल्या बेटावरही हिवाळ्यात पक्ष्यांचे थवे असतात, पण ते अभयारण्य आहे, तिथे उतरता येत नाही.

जुन्या गावांसाठी दक्षिणेला वळा. ब्रह्मपूरपासून जेमतेम अर्ध्या तासावर गोपाळपूर. एकेकाळचं चालतं बंदर, आता दीपगृह, जुने बंगले आणि लांबलचक वाळू. तिथे पोहू नका, पाण्याची ओढ जबरदस्त आहे. गंजाम गावाजवळ ऋषिकुल्या नदीच्या मुखाशी फेब्रुवारी-मार्चमध्ये ऑलिव्ह रिडले कासवं हजारोंनी अंडी घालायला येतात. काही वर्षी येतही नाहीत, तेव्हा भरवसा धरू नका. गेलात तर वनखात्याच्या माणसांचं ऐका आणि टॉर्च पेटवू नका. इतिहासाची आवड असेल तर आत जौगडला अशोकाचा शिलालेख आहे. कलिंगाच्या संहाराची कबुली देणारा तेरावा लेख त्याने खुद्द कलिंगात कोरवला नाही, त्याऐवजी तिथल्या अधिकाऱ्यांना वेगळ्या आज्ञा दिल्या. भुवनेश्वरजवळच्या धौलीलाही तसंच आहे.

परतताना मात्र महामार्गाने जाऊ नका. चिलिका आणि समुद्र यांच्यामध्ये वाळूची एक लांब पट्टी आहे. सप्टेंबर 1803 मध्ये इंग्रजांची फौज गंजामहून याच पट्टीने माणिकपाटण्यावर आली आणि पुरीत शिरली. ऑक्टोबरमध्ये कटकचा बाराबाती किल्ला पडला, डिसेंबरात इकडे गाविलगड, आणि त्याच महिन्यात देवगावच्या तहाने ओडिशा भोसल्यांच्या हातून गेला. चिखलदऱ्याला गेलं की आपण गाविलगडाच्या तटावर फोटो काढतोच. त्याच युद्धाचं दुसरं टोक या वाळूत आहे. मी तिथे उभा राहिलो तेव्हा कितीतरी वेळ पाय निघाला नाही.

या पट्टीवरच्या जान्हीकुड्याहून सातपाड्याला गाडी चढवता येईल अशी फेरी बोट मिळते. सातपाड्याला इरावदी डॉल्फिन. चित्रातल्यासारख्या उड्यांची अपेक्षा ठेवू नका. याला चोच नसते, डोकं भोपळ्यासारखं गोल, आणि तो क्षणभर पाठ दाखवून खाली जातो. होडीवाल्याला आधीच सांगा की पाठलाग नको, इंजिन बंद करून थांबू. थांबणाऱ्यांनाच तो जवळून दिसतो.

सातपाड्याहून पुरी सुमारे 50 किलोमीटर. जगन्नाथाच्या सिंहद्वारासमोरचा अरुणस्तंभ नक्की बघा. तो मूळचा कोणार्कचा, मराठ्यांच्या अमदानीत पुरीला आणून उभा केला.

जेवणाचं म्हणाल तर चिलिकाचे खेकडे आणि कोळंबी ताजी मिळते. सावजीला सरावलेल्या जिभेला मसाला सौम्य वाटेल, पण खेकड्याची खरी चव त्यातच कळते. छेनापोडा, म्हणजे भाजलेल्या छेन्याची मिठाई, मात्र भरपूर खा.

पक्ष्यांसाठी डिसेंबर-जानेवारी, कासवांसाठी फेब्रुवारीची अखेर. ऑक्टोबर टाळा, तो चक्रीवादळांचा महिना. 2013 चं फायलिन गोपाळपूरलाच धडकलं होतं. मुलं लहान असतील तर जौगड गाळा, पण मंगलाजोडी गाळू नका, आणि तिथे पहाटेचीच होडी सांगून ठेवा.