तिकडे आपल्याला धोका आहे का, असं विचारलंस म्हणून

तुझ्या नवऱ्याला अमेरिकेत कॅन्ससची नोकरी मिळतेय, म्हणून तू दोन गोष्टी विचारल्यास. तिकडे आपल्यासारख्यांना वर्णद्वेषाचा त्रास होतो का, आणि झालाच तर पोलीस-कोर्ट आपलं ऐकतात का. व्हिसाचे फॉर्म, फी, मुलाखतीच्या तारखा सगळं सरकारी साइटवर आहे, ते मी लिहीत बसत नाही.

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. रोजच्या जगण्यात सहसा काही होत नाही. शेजारी बरे असतात, बर्फ पडला की न सांगता आपल्याही दारासमोरचा काढून टाकतात. मी इथे कॅन्ससमधल्या ओव्हरलँड पार्कमध्ये मजेत राहते. पण शेजारचंच गाव ओलेथा. २२ फेब्रुवारी २०१७ला तिथल्या एका बारमध्ये श्रीनिवास कुचीभोतला आणि आलोक मदसानी ऑफिस सुटल्यावर बसले होते. दोघेही गार्मिन कंपनीतले इंजिनीअर. ॲडम प्युरिंटन नावाचा माणूस त्यांना अद्वातद्वा बोलायला लागला, त्याला बाहेर काढलं, तर तो बंदूक घेऊन परत आला. 'माझ्या देशातून चालते व्हा' असं ओरडून त्याने गोळ्या झाडल्या. श्रीनिवास गेला, ३२ वर्षांचा. आलोक वाचला. प्युरिंटनला पकडायला धावलेला इयन ग्रिलट हा गोरा तरुणही जखमी झाला. पळून गेल्यावर प्युरिंटन शेजारच्या मिझुरी राज्यातल्या एका रेस्टॉरंटमध्ये सांगत होता, मी इराण्यांना गोळ्या घातल्या.

त्या आठवड्यात आपल्या लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काय चाललं होतं माहितेय? 'अगं, त्याला ते इराणी वाटले!' म्हणजे चुकून झालं, एरवी आपल्या वाटेला कोण जातंय. आणि खरं सांगू, ते वाचून मलाही घटकाभर बरं वाटलं होतं. त्या बरं वाटण्याचं काय करायचं ते मला आजतागायत कळलेलं नाही.

कारण तू कोण आहेस हे समोरचा विचारतच नाही. २००१च्या ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर चारच दिवसांनी ॲरिझोनात मेसाला बलबीरसिंग सोढींना त्यांच्याच पेट्रोल पंपावर मारलं, पगडी बघून. २०१४ साली आमच्याच ओव्हरलँड पार्कमध्ये ज्यू लोकांना मारायला आलेल्याने तीन जीव घेतले, त्यातलं एकही ज्यू नव्हतं.

तू लिहिलंयस की वर्षभरात आई-बाबांना बोलावणार, नातीला सांभाळायला. मग सुरेशभाई पटेल यांचं ऐक. वय ५७, गुजरातहून अलाबामात मॅडिसनला मुलाकडे आलेले, तेही नातवासाठीच. ६ फेब्रुवारी २०१५ला सकाळी फूटपाथवरून फिरत होते. एका शेजाऱ्याने पोलिसांना फोन केला, एक हडकुळा काळा माणूस इथे फिरतोय. एवढाच गुन्हा. पोलीस आले, हे 'नो इंग्लिश' म्हणत राहिले, एका पोलिसाने त्यांना उचलून जमिनीवर आपटलं. मानेचं ऑपरेशन झालं, तरी शरीर अर्धवट लुळंच राहिलं. सगळं गाडीच्या कॅमेऱ्यात आहे.

आता तुझा दुसरा प्रश्न. प्युरिंटनला राज्याच्या कोर्टात जन्मठेप झाली, ५० वर्षं पॅरोल नाही, आणि केंद्राच्या द्वेषगुन्ह्याच्या खटल्यातही जन्मठेप. पटेलांना आपटणाऱ्या पोलिसावरही केंद्राने खटला भरला. दोनदा ज्युरीचं एकमत झालं नाही, आणि जानेवारी २०१६मध्ये न्यायाधीशांनी त्याला निर्दोष सोडलं. शहराने पटेलांना पैसे दिले ते २०२१मध्ये, साडेसतरा लाख डॉलर. माझं मत विचारशील तर कॅन्ससमध्ये न्याय मिळाला कारण बार भरलेला होता आणि गोळी एका गोऱ्यालाही लागली होती. आणि मारणाऱ्याच्या अंगावर वर्दी नव्हती. माझ्या नवऱ्याला हे पटत नाही, तो म्हणतो तू उगाच कडवट झालीस.

झाले असेन. लेकाच्या शाळेपासून झाले. सहावीत असताना स्कूलबसमध्ये एक मुलगा त्याला रोज 'टेररिस्ट' म्हणायचा. एके दिवशी ढकलाढकली झाली आणि याच्या वर्गातला एक काळा मुलगा मध्ये पडला, याला वाचवायला. आमच्याला समज देऊन सोडलं, चिडवणाऱ्यालाही समज. मध्ये पडलेल्याला तीन दिवस घरी बसवलं. मी शाळेला लिहिलं, उत्तर आलं की दुसऱ्या विद्यार्थ्याबद्दल आम्ही बोलू शकत नाही. नंतर पार्किंगमध्ये त्याची आई भेटली. मी सॉरी म्हणायला लागले तर ती म्हणाली, तुमच्या मुलाचं मिटलं ना? आवाजात जराही राग नाही, आणि तेच मला सहन होत नाही. काळ्या मुलांना निलंबित करण्याचं प्रमाण गोऱ्यांच्या तिपटीहून जास्त आहे, हे इथल्याच शिक्षण खात्याचे २०१३-१४चे आकडे आहेत. ते मी पुढे वाचले. तिला वाचायची गरज नव्हती.

कागदपत्रांचं एक मात्र लिहिते, कारण हे कुणी सांगत नाही. तू एच-फोरवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावाल्याच्या बायकोला मिळतो त्या व्हिसावर येशील, म्हणजे तुझं इथलं असणं नवऱ्याच्या नोकरीला टांगलेलं. श्रीनिवास गेला तेव्हा त्याची बायको सुनयना दुमाला हिचा इथे राहण्याचा हक्कही त्याच्याबरोबर गेला. नवऱ्याचे अंत्यसंस्कार करायला हैदराबादला गेली, तर परत येता येईल की नाही याची खात्री नाही! एका खासदाराने खटपट केली म्हणून ती परत आली. गुन्ह्यातल्या पीडितांसाठी 'यू' व्हिसा असतो, पण वर्षाला १०,०००च, रांग कित्येक वर्षांची, आणि अर्जावर सही लागते, ती बहुतेकदा पोलिसांचीच. पटेलांसारख्याने ती कुणाकडे मागायची?

एकटेपणाचं विचारलं होतंस. असतो. मंडळात जा, गणपतीत चार ओळखी होतात, भागतं.

तर ये. येऊ नकोस असं मी म्हणणार नाही, मी स्वतः कुठे परत गेलेय? नोकरी लागो न लागो, तुझं स्वतःचं वर्क परमिट जमेल तितक्या लवकर काढ. शाळेशी जे काही बोलशील ते ईमेलवर बोल. बाबा फिरायला निघाले की खिशात पत्ता आणि तुझा नंबर असलेलं कार्ड हवं, आणि पोलीस दिसले तर हात खिशात घालायचा नाही हे त्यांना विमानात बसायच्या आधी सांग. ऐकताना त्यांना अपमान वाटेल. माझ्या सासऱ्यांना वाटला होता, दोन दिवस ते बाहेरच पडले नाहीत.

घर बघायला लागलात की कळव. आमच्या शाळेच्या हद्दीत घेऊ नका, एवढं आत्ताच सांगते.